आधी बर्फाचं बोलू

आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच वळणाची आहेत : ‘अमुक कॉकटेलसाठी कोणती बाटली घेऊ?’ त्या सगळ्यांना मिळून एकच उत्तर देते. घरात जी बरी बाटली आहे ती चालेल. गाळून ग्लासात आलेल्या पेयाचा चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा निव्वळ बर्फाचं पाणी असतं. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द विचारत नाही. या खेपेला एका वाचकाने नकळत विचारलाय, म्हणून त्याचं पत्र सगळ्यात वर.

प्रश्न : घरी डायकिरी करतो. रम चांगली, लिंबू ताजं. माप ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक (एक वाटी साखर, एक वाटी पाणी). फ्रिजमधले चार खडे बर्फ घालून चार-पाचदा हलवतो. जास्त हलवलं तर पाणचट होईल अशी भीती वाटते. तरी चव टोचते, बारमध्ये लागते तशी लागत नाही. रम बदलू का?

रम राहू द्या. चार खडे बदला आणि ती भीती सोडा.

बर्फ गार असतो म्हणून पेय गार होतं, अशी आपली समजूत. खरं काम करतं ते बर्फाचं वितळणं. एक ग्रॅम बर्फाचं तापमान एका अंशाने वाढायला साधारण २ जूल उष्णता लागते. तोच एक ग्रॅम वितळायला ३३४ जूल. ही उष्णता तुमच्या पेयातून ओढली जाते. म्हणजे पेय गार व्हायचं तर बर्फ वितळायलाच हवा, आणि वितळला की त्याचं पाणी पेयात उतरणारच. ‘गार हवं, पण पाणी नको’ असं सांगणारी गिऱ्हाइकं मी भरपूर पाहिली. त्यांच्याशी वाद घालत नाही, हसून नेहमीसारखंच करून देते.

यातली खरी गंमत पुढे आहे. शेकरमधला (कॉकटेल हलवायच्या झाकणबंद भांड्यातला) बर्फ शून्य अंशाला असला तरी पेय उणे पाच, उणे सहापर्यंत सहज उतरतं. अल्कोहोल आणि साखर मिसळलेलं पाणी शून्याला गोठत नाही. त्यामुळे शून्याच्या खाली गेल्यावरही बर्फ वितळत राहतो आणि उष्णता ओढत राहतो. चांगलं हलवलेल्या शेकरवर बाहेरून पांढरं दव गोठतं, ते यामुळे.

तेव्हा शेकर बर्फाने निम्म्याच्या वर भरा आणि जोरात १२ ते १५ सेकंद हलवा. त्यापुढे तापमान फारसं उतरत नाही आणि पाणीही फारसं वाढत नाही. बर्फ आणि पेय एकमेकांच्या बरोबरीला आलेले असतात. पाणचटपणा जास्त हलवण्याने येत नाही, ओल्या बर्फाने येतो. वाडग्यात काढून ठेवलेल्या खड्यांच्या अंगावर जे पाणी असतं ते आधीच वितळून मोकळं झालेलं. ते पेय पातळ करतं आणि बदल्यात थंडावा जवळजवळ काहीच देत नाही. बर्फ शेकरमध्ये टाकण्याआधी गाळणीत घेऊन झटका.

खात्री करायची तर मापानेच करा. तुमच्या शेकरमध्ये १०५ मिली जातं. गाळून मोजपात्रात घ्या. १५० ते १६० मिलीच्या दरम्यान आलं तर जमलं. शेकरमध्ये घातलं तेव्हा त्यात अल्कोहोल २३ टक्क्यांच्या आसपास होतं, आता १५-१६ टक्के. लिंबाची धार मोडते आणि रमचा वास वर येतो तो इथे. तुमच्या पाच झटक्यांत १२५ मिलीसुद्धा निघत नसणार. टोचणारच.

पाकाचंही एक सांगते. वाटीला वाटी म्हणजे समसमान नव्हे. दाणेदार साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, त्यामुळे वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा वजनाला कमी भरते. पाककृतीत ‘एकास एक’ लिहिलेलं असतं ते बहुधा वजनाने. तराजू वापरा. रमची नवी बाटली घेण्याच्या बेतात होतात ना, त्याऐवजी तराजू घ्या.

प्रश्न : मग मॅनहॅटन का हलवत नाहीत?

हलवलं तर बिघडतं असं नाही, वेगळं होतं. शेकरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे शिरतात आणि बर्फाचे कण तुटतात. लिंबाच्या पेयाला ते शोभतं. निव्वळ मद्यांच्या पेयाला ते धुरकट आणि हलकं करतं. ६० मिली व्हिस्की, ३० मिली गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा अर्क दिलेली वाइन) आणि बिटर्सचे (कडू अर्काचे) दोन थेंब बर्फात अर्धा मिनिट ढवळले की ९० चे साधारण १२० होतात आणि पेय जड, रेशमी राहतं. रस असेल तर हलवा, नसेल तर ढवळा. अपवाद आहेत, पण आधी नियम हाताला बसू द्या.

प्रश्न : पाणी दोनदा उकळून गोठवलं तरी बर्फ मधे पांढराच होतो. बारमधला काचेसारखा बर्फ कसा करतात?

उकळण्याचा उपयोग फार थोडा. ट्रेमधलं पाणी सगळ्या बाजूंनी एकदम गोठतं आणि विरघळलेली हवा मधोमध कोंडली जाते. तो पांढरा डाग म्हणजे ती हवा. पाणी एकाच दिशेने गोठवलं की हवा पुढे-पुढे ढकलली जाते. जाड भिंतींचा छोटा कूलर घ्या, झाकण काढा, पाण्याने भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. फक्त वरून गारवा लागतो, म्हणून वरून खाली गोठत जातं. पूर्ण गोठण्याआधी बाहेर काढा आणि तळाचा ढगाळ भाग टाकून द्या. कॅम्पर इंग्लिश या लेखकाने २००९ मध्ये ही युक्ती लोकांसमोर मांडली. मोठा, स्वच्छ खडा सावकाश वितळतो खरा, पण शेकरमध्ये तो वापरू नका. तिथे साधाच बर्फ भरा. नितळपणा ग्लासात दिसण्यासाठी आहे.

प्रश्न : व्होडका आणि व्हिस्की दोन्ही धान्याच्या. मग एवढा फरक कुठून येतो?

कुठवर उकळलं आणि मग कशात ठेवलं यावरून. युरोपातल्या नियमानुसार व्होडकासाठीचं अल्कोहोल किमान ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं असतं. तिथे धान्याचा वास जवळपास संपतो. बर्बनला (मक्याच्या अमेरिकी व्हिस्कीला) मात्र ८० टक्क्यांच्या वर जायची मुभाच नाही. धान्य मागे राहावं असाच हेतू. वर आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात ती ६२.५ टक्क्यांहून जास्त तीव्र भरायची नाही. एनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० मध्ये उंच स्तंभाच्या भट्टीचं पेटंट घेतलं, त्यानंतर एवढं शुद्ध अल्कोहोल अखंड धारेने काढणं सोपं झालं. तांब्याच्या घड्यासारख्या भट्टीत एकेक घाणा काढावा लागतो; ती भट्टी चव मागे ठेवते. साध्या ऊर्ध्वपातनाने साधारण ९७ टक्क्यांच्या पुढे कुणालाच जाता येत नाही, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात.

आणि ९६ टक्क्यांची व्होडका बाटलीत ४० टक्क्यांची होते ती कशाने? पाण्याने. बाटलीवर चांदीच्या गाळणीच्या आणि हिऱ्यांच्या कथा छापतात, तेव्हा आतली निम्म्याहून अधिक जागा कशाने भरलीय ते आठवा.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात ‘१२ वर्षं’ लिहिलेली स्कॉच १५ वर्षं न उघडता पडून आहे. आता ती २७ वर्षांची धरायची का?

नाही, बाराचीच. व्हिस्की मुरते ती लाकडात. काचेत तिचं वय थांबतं. लेबलवरचा आकडा आतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. स्कॉचला किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात काढावीच लागतात. स्कॉटलंडच्या हवेत दरवर्षी सुमारे २ टक्के माल उडून जातो. उष्ण प्रदेशात त्याहून बराच जास्त. रंगावरून मात्र वय ठरवू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला परवानगी आहे आणि पुष्कळजण घालतात.

बाटली उभी ठेवलेली होती ना? वाइनसारखी आडवी ठेवली असेल तर तीव्र अल्कोहोल बूच खातं. उघडल्यावर बाटली अर्ध्याखाली आली की हळूहळू वास मरतो, तेव्हा तळाला थोडी ठेवून वर्षानुवर्षं जपू नका.

जपायचीच तर व्हर्मूथ जपा. त्याला लोक कपाटात दारूच्या रांगेत उभं करतात. व्हर्मूथ ही वनस्पतींचा अर्क दिलेली, थोडं अल्कोहोल वाढवलेली वाइन आहे, साधारण १६ ते १८ टक्क्यांची. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. ‘मला मार्टिनी (जिन आणि व्हर्मूथचं कॉकटेल) आवडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना फक्त शिळं व्हर्मूथ मिळालेलं असतं.

प्रश्न : पदार्थावर ब्रँडी ओतून पेटवली की अल्कोहोल जळून जातं ना? मुलांना द्यायचं आहे.

देऊ नका. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पेटवलेल्या पदार्थात तब्बल ७५ टक्के अल्कोहोल उरतं. ज्योत दिसायला भारी, कामाला कच्ची.

प्रश्न : हौसेखातर घरी छोटी भट्टी लावावी म्हणतो. पहिली धार टाकून दिली की मिथेनॉल निघून जातं असं वाचलंय.

लावू नका. बहुतेक देशांत परवान्याशिवाय हा गुन्हा आहे; न्यूझीलंडसारखे अपवाद थोडे. आणि तुम्ही वाचलेलं अर्धवट आहे. मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे पिण्याचं अल्कोहोल, ७८.३ ला, म्हणून ते रांगेने बाहेर पडतील असं वाटतं. पाण्यात एकत्र असताना तसं होत नाही. मिथेनॉल थोडंथोडं शेवटपर्यंत येत राहतं. पहिली धार टाकतात ती मुख्यतः तिच्यातल्या ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेटसाठी, म्हणजे त्या रंग काढायच्या द्रवासारख्या वासासाठी. कुठे तोडायचं हे मुरलेला कारागीर नाकाने ठरवतो.

धान्य किंवा साखर आंबवली तर मिथेनॉल नगण्यच तयार होतं. फळांमधल्या पेक्टिनमुळे ते वाढतं. पण सामूहिक विषबाधेच्या बातम्या येतात त्यांत बहुधा कुणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल स्वस्त म्हणून मिसळलेलं असतं. घरच्या भट्टीचा रोजचा धोका वेगळाच आहे : वाफ गळते, जवळ ज्योत असते आणि स्वयंपाकघर पेट घेतं. शिवाय जोडाला शिसं वापरलेलं असलं तर ते दारूत उतरतं.

एक गोष्ट भट्टी न लावणाऱ्यांनीही लक्षात ठेवा. मिथेनॉलची लक्षणं लगेच दिसत नाहीत, बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी दिसतात. ‘कालची अजून उतरली नाही’ असं वाटतं. नजर धूसर झाली, डोळ्यांपुढे पांढरं दिसू लागलं, धाप लागली तर झोपून राहू नका, तडक हॉस्पिटल. यावर उतारा आहे, पण वेळेत गेलात तर.

प्रश्न : मित्र आणि मी छोटा बार काढतोय. मेन्यूत ४० कॉकटेलं ठरवलीत, बाटल्यांची यादी तयार आहे. आणखी काय पाहायचं?

यादी बाजूला ठेवा आणि आधी सांगा, बर्फाचं यंत्र किती किलोचं घेताय? शेकरमधला आणि ग्लासातला मिळून एका कॉकटेलला पाव किलोच्या पुढेच बर्फ लागतो. शनिवारी २०० पेयं गेली तर ५० किलो, आणि बाटल्या गार ठेवायला लागणारा वेगळा. यंत्रावर लिहिलेली क्षमता गार खोलीत आणि गार पाण्यावर मोजलेली असते. तुमच्या मागच्या तापलेल्या खोलीत ती भरत नाही. गर्दीच्या वेळी बर्फ संपलेल्या बारइतकं केविलवाणं दुसरं काही नसतं. सगळ्या बाटल्या जागेवर आणि विकायला काही नाही.

मग गाळणी, सिंक, निचरा. दोन बारटेंडर एकमेकांना न धडकता उभे राहतील का? एक पाऊलही न टाकता हात किती बाटल्यांपर्यंत पोचतो? जेवढा पोचतो तेवढाच तुमचा मेन्यू. ४० कॉकटेलांसाठी ताजे रस, पाक आणि पानं रोज सज्ज ठेवायची म्हणजे निम्मी संध्याकाळी टाकून द्यायची. १२ ठेवा. त्यांतही एकच पाक तीन ठिकाणी चालेल असं बघा.

आता माप. ७५० मिलीच्या बाटलीतून ६० मिलीची १२ पेयं निघतात आणि ३० मिली, म्हणजे आणखी अर्धं पेय, उरतं. हात सैल असलेला बारटेंडर दर वेळी ५ मिली जास्त ओततो. मग निघतात साडेअकरा. म्हणजे दर बाटलीमागे एक पेय गेलं. गिऱ्हाइकाला ते कळलंही नाही आणि त्याचं पेय बिघडलं ते वेगळंच. म्हणून मापाचा पेला प्रत्येकाने वापरायचा, मालकानेसुद्धा. ‘आमचा हातच माप आहे’ म्हणणाऱ्याला पाण्याची बाटली द्या, पाचदा ६० मिली ओतायला सांगा आणि तराजूवर ठेवा. एक मिली पाणी एक ग्रॅम, वाद लगेच मिटतो.

पेयात गेलेल्या मालाचा खर्च त्याच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, फार तर चौथ्या हिश्शापर्यंत राहावा, असा धंद्यात ठोकताळा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, बाकी सगळा नफा! त्यातून भाडं, पगार, वीज, परवाना, फुटलेले ग्लास आणि पिळून टाकलेली लिंबं वजा करा, मग बोला. दर आठवड्याला उघड्या बाटल्यांचं वजन करा आणि विक्रीशी ताडा. फरक निघतोच, तो का निघाला हे विचारायची सवय पहिल्या आठवड्यापासून हवी, सहाव्या महिन्यात विचारलं तर माणसांना तो आरोप वाटतो.

वेळ वाचवायचा तर ढवळायची कॉकटेलं आधीच बाटलीत भरा. दहा निग्रोनींसाठी जिन, कडू लाल लिकर आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३०० मिली, आणि त्यात २२५ मिली पिण्याचं पाणी. हे शेवटचं पाणी हटकून विसरलं जातं. ते बर्फाच्या वाट्याचं पाणी आहे, आधीच मोजून घातलेलं. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, मागणी आली की थेट ग्लासात. रसाची कॉकटेलं मात्र अशी भरून ठेवू नका, लिंबू काही तासांतच उतरतं.

आणि ‘आता पुरे’ हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार ते उद्घाटनाआधी ठरवा. माझ्या मते मालकाने.

प्रश्न : मी मुलगी आहे, वय २३. बारटेंडिंग शिकायचंय. ‘हे बायकांचं काम नाही’ असं सगळे म्हणतात.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातला अमेरिकन बार १९०३ पासून पुढे दोनेक दशकं एडा कोलमन यांच्या हातात होता. त्यांचं हँकी पँकी आजही जगभर ढवळलं जातं : जिन, गोड व्हर्मूथ आणि फर्नेट ब्रँका या कडू इटालियन लिकरचे थोडे थेंब. उलट बाजूचंही माहीत असू द्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये मिशिगनचा एक कायदा उचलून धरला होता : बारमालकाची बायको किंवा मुलगी असल्याखेरीज बाईने बारटेंडर व्हायचं नाही. कॅलिफोर्नियातली तशी बंदी १९७१ मध्ये कोर्टाने मोडली. ‘बायकांचं काम नाही’ हे असं कागदावर लिहून ठरवलेलं होतं, हातांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

कोर्स केलात तर चांगलंच, पण बाटल्या उडवायला शिकवणाऱ्या कोर्सवर पैसे घालू नका. चालत्या बारमध्ये मदतनीस म्हणून शिरा : ग्लास पुसणं, बर्फ आणणं, लिंबं पिळणं. आणि कामाला लागण्याआधी एक विचारून घ्या, रात्री बार बंद झाल्यावर घरी पोचवायची सोय कोणाची? ज्या मालकाला हा प्रश्न आगाऊ वाटतो त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न : पीत नाही. पण पार्टीत हातात गोड सरबत देतात त्याचा कंटाळा आलाय.

योग्य तक्रार. अल्कोहोल काढलं की पेयातून तीन गोष्टी जातात : जिभेवरचा चावा, अंग (तोंडात जाणवणारा भरीवपणा) आणि कडवट शेवट. त्यांच्या जागी साखर ओतली की सरबत होतं. चाव्यासाठी आलं किंवा फळात मुरवलेलं व्हिनेगर, अंगासाठी गार केलेला कडक काळा चहा, आणि चिमटीभर मीठ. मग तेही बर्फावर पूर्ण १२ सेकंद हलवा, गार आणि पातळ होण्याचा हक्क त्यालाही आहे. बिटर्स घालण्याआधी मात्र विचारायला सांगा. अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. दोन थेंबांनी काही चढत नाही, पण न पिणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

प्रश्न : रम, चहा आणि लिंबाच्या पंचमध्ये दूध घातलं आणि ते फाटलं. फेकू का?

थांबा, फेकू नका! तुम्ही अर्धं मिल्क पंच करून ठेवलंय. आंबटपणाने दुधातलं केसीन हे प्रथिन गोठतं आणि गोठताना चहाचा तुरटपणा, रंग, गढूळपणा सगळं धरून बसतं. ते गाळलं की खाली स्वच्छ, मऊ चवीचं पेय उतरतं.

पुढच्या वेळी उलट क्रमाने करा : भांड्यात आधी दूध, त्यावर आंबट पंच हळूहळू. चार भाग पंचाला एक भाग सायीचं दूध. तासभर हात लावू नका. मग दाट कापडातून किंवा कॉफीच्या कागदातून गाळा. पहिलं गढूळ येईल, ते परत त्याच गाळावर ओता. तो गाळच खरी गाळणी आहे, म्हणून पिळायचा किंवा चमच्याने खरवडायचा मोह आवरा. हे फ्रिजमध्ये आठवडे टिकतं. दिसायला काचेसारखं असलं तरी दुधातली काही प्रथिनं त्यात उरतात, तेव्हा दुधाची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला ते देऊ नका.